घाणेरी उपटली, पुढे काय? परक्या वनस्पती आणि पदव्युत्तर संशोधन

आजचा आपला विषय आहे आक्रमक वनस्पती आणि पनवेल परिसरातल्या वनसंपदेचं संवर्धन. समोर वनस्पतीशास्त्राचे एम.एस्सी.चे विद्यार्थी आहेत, काही पीएच.डी. करणारे आहेत आणि हौसेने जंगलात फिरणारी मंडळीही आहेत. म्हणून आधी व्याख्या पाहू, मग आपल्या डोंगरांकडे वळू आणि शेवटी, हातात दोनच वर्षं असलेल्या विद्यार्थ्याने नेमकं काय मोजावं याची चर्चा करू.

परकी म्हणजे आक्रमक नव्हे

पहिला गैरसमज इथेच दूर करू. मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, काजू ही सगळी अमेरिकेतून आलेली पिकं. कोकणातल्या माणसाला काजू परका आहे असं सांगितलं तर तो हसेल. उलट आपली कारवी पाहा. ती अस्सल सह्याद्रीची, तरी डोंगराचे उतारच्या उतार व्यापून टाकते. पण काही वर्षांनी एकदम फुलते, बी टाकते आणि मरून जाते. त्या काळात जमिनीवर उजेड पोहोचतो, इतरांना संधी मिळते. म्हणजे दाटी केली म्हणून ती आक्रमक ठरत नाही आणि बाहेरून आली म्हणूनही ठरत नाही.

आक्रमक म्हणायला तीन गोष्टी लागतात. वनस्पती माणसाच्या हातून नव्या प्रदेशात आलेली असावी. लागवडीशिवाय ती आपली आपण पसरत असावी. आणि त्या पसरण्याने तिथल्या जीवसृष्टीचं किंवा माणसांच्या उपजीविकेचं नुकसान होत असावं. जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाने, म्हणजे आयपीबीईएसने, २०२३ साली जगभराचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार माणसाने नव्या जागी नेऊन रुजवलेल्या प्राणी-वनस्पतींच्या जाती ३७,००० पेक्षा जास्त आहेत, आणि त्यांतल्या ३,५०० पेक्षा जास्त जाती नुकसान करणाऱ्या. साधारण दहात एक. ही एक कोणती, हे ठरवायला पुरावा लागतो. संशोधनाचं काम इथून सुरू होतं.

आपल्या भागातले चार चेहरे

पहिली घाणेरी, काही जण टणटणी म्हणतात. शास्त्रीय नाव लँटाना कमारा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेतलं शोभेचं झाड म्हणून ती कलकत्त्यात आली. आज भारतातल्या वाघांच्या अधिवासाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग, म्हणजे सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर, तिच्या प्रादुर्भावाखाली आहे, असं २०२० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो.

दुसरी रानमोडी, क्रोमोलिना ओडोराटा. पान चुरडलं की उग्र वास येतो आणि पानावर तीन ठळक शिरा त्रिशूळासारख्या दिसतात. पावसाळा संपल्यावर ती फुलते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला तिचं हलकं, केसाळ बी वाऱ्यावर उडतं.

तिसरं गाजर गवत. पुण्यात १९५० च्या दशकात त्याची नोंद झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं अशी समजूत रूढ आहे, त्यावरूनच लोक त्याला काँग्रेस गवत म्हणू लागले. ते जंगलापेक्षा पडीक जमीन, भराव आणि रस्त्याच्या कडा पसंत करतं. पनवेलला बांधकामांचा आणि भरावांचा तोटा नाही, हे वेगळं सांगायला नको. त्याच्यावर उपाय म्हणून १९८३ साली मेक्सिकोहून एक भुंगेरा आणला गेला आणि बंगळूर परिसरात सोडला गेला. तो पानं खातो, पण पावसाळ्यात. कोरड्या दिवसांत तो मातीत दडून बसतो आणि गवत पुन्हा डोकं वर काढतं.

चौथं गिरिपुष्प, ग्लिरिसिडिया. हे तर आपणच लावलेलं. हिरवळीचं खत मिळतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, खडकाळ जमिनीत जगतं, म्हणून मुंबई-नवी मुंबईच्या टेकड्यांवर त्याची भरपूर लागवड झाली. टेकडी हिरवी दिसते खरी. पण त्या हिरव्याखाली काय उगवतं, हा प्रश्न फार थोड्या जणांनी विचारला.

त्यांना वाट कोण करून देतं?

घाणेरीची फळं बुलबुल आवडीने खातात आणि झाडाच्या फांदीवर बसून बिया खाली टाकतात. गुरं-शेळ्या तिची पानं टाळतात. तोडली तर खोडाच्या बुंध्यातून चार नवे फुटवे येतात. मूळ देशात तिला खाणारे अनेक कीटक इथे नाहीत. हे सगळं खरं. पण दाट सावलीच्या, न दुखावलेल्या जंगलात ती सहजासहजी शिरत नाही. तिला उजेड लागतो, आणि उजेडाची दारं आपण उघडतो.

कर्नाळा अभयारण्य पाहा. १९६८ साली जाहीर झालेलं, सुमारे १२ चौरस किलोमीटरचं छोटं जंगल, आणि मधून मुंबई-गोवा महामार्ग गेलेला. रस्ता म्हणजे जंगलाची नवी किनार. किनारीला उजेड येतो, डंपरच्या चाकांबरोबर आणि भरावाच्या मातीबरोबर बी येतं. जंगल जितकं लहान, तितका किनारीचा वाटा मोठा. म्हणून कर्नाळ्यासारख्या जागी रस्त्यापासून १०, ५०, १००, २०० मीटर अंतरावर काय काय उगवतं, एवढा साधा प्रश्नही एखाद्या प्रबंधाला पुरून उरतो.

यात माणसांचंही काही पणाला लागलेलं आहे. पनवेल तालुक्यातल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर पावसाळ्याच्या सुरुवातीला शेवळं, फोडशी, भारंगी, कंटोळी डोंगरातून येतात. घरात खाल्ली जातात, बाजारात विकली जातात. दाट घाणेरीत माणूस शिरूच शकत नाही. तिथे रानभाजी उगवणं बंद झालं, की उगवते पण पोहोचता येत नाही? दोन्हींची उत्तरं वेगळी, आणि उपायही वेगळे. हे कळायला वाडीवरच्या बायकांना विचारावं लागेल. तुमच्या नकाशात नसलेल्या जागा त्यांना ठाऊक असतात.

वणव्याचं कोडं

आता एक उदाहरण घेऊ, म्हणजे मोजल्याशिवाय बोलू नये असं आपण का म्हणतो ते समजेल. अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम यांनी २००५ साली एक शक्यता मांडली. वणवा लागला की घाणेरीला मोकळी जागा मिळते, घाणेरी वाढली की जळाऊ काटक्या वाढतात, मग वणवा आणखी भडकतो. म्हणजे आग आणि घाणेरीचं दुष्टचक्र. ऐकायला अगदी पटतं. पण पुढे कर्नाटकातल्या बिळिगिरिरंगन डोंगरात सोलिगा आदिवासींशी बोलल्यावर वेगळंच ऐकू आलं. त्यांच्या मते पूर्वी उन्हाळ्याच्या सुरुवातीला लावल्या जाणाऱ्या हलक्या आगीमुळे घाणेरी आटोक्यात राहत होती. त्या आगी बंद झाल्यावर ती माजली.

मग आपल्याकडे काय? प्रबळगड-माथेरानच्या उतारांवर दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे वणवा लागतोच. इथे पाऊस तिथल्यापेक्षा खूप जास्त, गवताच्या जाती वेगळ्या, आणि घाणेरीच्या जोडीला रानमोडी. कर्नाटकातलं उत्तर उचलून इथे लावता येणार नाही. आणि हे ऐकून कुणी काडी लावायला जाऊ नये! जळालेली आणि न जळालेली जागा शोधून, शेजारी शेजारी मोजून पाहणं, एवढंच आपलं काम.

दोन वर्षांत काय मोजता येईल?

आपल्याकडे या विषयावरचे बरेच प्रकल्प वनस्पतींच्या यादीवर संपतात. यादी वाईट नाही. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा १९०१ ते १९०८ या काळात आला, कोठारी आणि मूर्ती यांचा रायगड जिल्ह्याचा फ्लोरा १९९३ साली. मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जुने नमुने आहेत. आजची यादी या नोंदींशेजारी ठेवली तर कोणती जात केव्हा दिसू लागली याचा अंदाज येतो. पण यादी 'काय आहे' एवढंच सांगते. 'कशाने काय बदलतं' हे कळायला तुलना लागते.

म्हणून चार प्रकारच्या जागा निवडा. घाणेरी नसलेली, घाणेरी असलेली, घाणेरी काढून सोडून दिलेली, आणि काढल्यावर सतत पाठपुरावा केलेली. प्रत्येकीत चौकटी आखा: झाडांसाठी १० × १० मीटर, झुडपांसाठी ५ × ५, गवत आणि लहान रोपांसाठी १ × १. एकाच जाळीत दहा चौकटी घातल्या म्हणजे दहा पुरावे झाले असं समजू नका. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शितं वेगवेगळ्या जागची हवीत.

दुसरं, मातीतलं बी. प्रत्येक जागची वरची माती आणून ट्रेमध्ये पसरा, पाणी द्या आणि काय उगवतं ते लिहा. खर्च जवळजवळ नाही, पण त्यातून फार मोलाची गोष्ट कळते: आक्रमक झाड काढलं तर जंगल स्वतःहून परत येण्याइतकं बी मातीत शिल्लक आहे का? असेल तर वाट मोकळी करून थांबायचं. नसेल तर रोपं लावावी लागतील.

अभयारण्यात काम करायचं असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. तिला वेळ लागतो, तेव्हा अर्ज पहिल्या सत्रातच करा.

काढणं सोपं, राखणं कठीण

दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटमध्ये एक पद्धत विकसित केली. झुडूप वरून छाटायचं नाही आणि जमीनही खणायची नाही. मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर कापायचं आणि अख्खी जाळी उलटी करून ठेवायची. फुटवे येतात तो भागच वर येऊन वाळतो. हे फळं धरण्याआधी करायचं. पण पद्धतीचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. पक्षी बसतात त्या झाडांखाली पुढची काही वर्षं नवी रोपं उपटत राहायची, आणि मोकळ्या जागेत स्थानिक गवत, बांबू किंवा झाडं येतील हे पाहायचं. नाहीतर आपल्या पावसात घाणेरीच्या जागी रानमोडी येऊन बसते. मोहिमेचा फोटो निघतो आणि जंगल होतं तिथेच राहतं.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*घाणेरीवर फुलपाखरं आणि पक्षी जगतात. ती काढली तर त्यांचं काय?*

रास्त शंका आहे. म्हणून सगळी एकदम काढायची नाही. पट्ट्यापट्ट्याने काढायची, आणि एका पट्ट्यात स्थानिक झुडपं उभी राहिल्यावरच पुढच्याला हात घालायचा. काढण्याआधी आणि नंतर फुलपाखरांची मोजदाद केली तर तोही स्वतंत्र प्रबंध होईल.

*आमच्याकडे एकच सत्र आहे. त्यात काय होणार?*

एका सत्रात पहिली मोजणी होते. चौकटीच्या कोपऱ्यांना पक्क्या खुणा करा, जीपीएस नोंदी आणि कच्चा डेटा विभागात ठेवा. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने त्याच चौकटी मोजायच्या, त्याच्या पुढच्यानेही त्याच. पाच तुकड्यांनी मिळून पाच वर्षांचा अभ्यास उभा राहील, आणि वनविभागाला किंवा गावाच्या समितीला 'इथे असं करा' हे सांगायला हातात काहीतरी असेल. पहिली चौकट या पावसाआधी आखली, तर पाऊस पडल्यावर काय उगवतं त्याची नोंद याच वर्षापासून सुरू होईल.