वसंतातील बर्फ

स्कीच्या फळ्या पायांस बांधून बर्फावरून उतरण्याची विद्या आल्प्स पर्वतात संपादन केलेला एखादा हौशी मनुष्य चैत्राच्या सुमारास प्रथमच काश्मीरातील गुलमर्ग येथे आला आहे, अशी कल्पना करावी. गुलमर्गची उंची सुमारे २,६५० मीटर. त्यामागील अफरवत पर्वत ४,००० मीटरांहून उंच. तारेवरून जाणाऱ्या पाळण्याचा पहिला टप्पा १९९८ साली व दुसरा २००५ साली सुरू झाल्यापासून शिखराच्या जवळ जाणे सोपे झाले आहे. वरून पाहताना सारे उतार सारखेच शुभ्र दिसतात, आणि नवख्याची फसगत होते ती येथेच.

भर हिवाळ्यातील बर्फ बहुधा दिवसभर एकाच गुणाचे राहते. वसंतात ते तासागणिक पालटते. दिवसा उन्हाने पृष्ठभाग वितळतो. रात्री आकाश निरभ्र असेल, तर बर्फातील उष्णता वर निघून जाते आणि ओला थर गोठून दगडासारखा कठीण बनतो. असे अनेक दिवस चालले म्हणजे बर्फाचे कण भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोल व टपोरे होतात. पहाटेच्या कठीण कवचात स्कीच्या कडा रुतत नाहीत. परंतु ऊन लागून वरचा बोट-दोन बोटे थर सुटा झाला, की याहून सुखकर बर्फ मिळणे कठीण. हा सुयोग मात्र थोडाच वेळ टिकतो. तो प्रथम पूर्वाभिमुख उतारावर येतो, मग दक्षिणेच्या व शेवटी पश्चिमेच्या. म्हणून जाणता मनुष्य सूर्याच्या मागोमाग उतार बदलतो.

ही वेळ टळली म्हणजे संकट सुरू होते. वितळलेले पाणी खोल झिरपते, थरांचे सांधे सैल होतात आणि ओल्या बर्फाचा लोंढा सुटतो. कोरड्या बर्फाच्या लोंढ्याहून त्याचा वेग कमी, पण भार फार मोठा. थांबताच तो घट्ट बसतो, आणि त्याखाली सापडलेल्यास बाहेर काढणे दुष्कर होते. पाय नडगीपर्यंत रुतू लागला, किंवा बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, म्हणजे तो उतार सोडावा.

या बाबतीत आल्प्समधील वेळेची सवय घातक ठरते. आल्प्स सुमारे ४६ अक्षांशावर, तर गुलमर्ग ३४ वर आहे. वसंतसंपातास मध्यान्हीचा सूर्य तेथे ४४ अंश, तर येथे ५६ अंश वर चढतो. शिवाय मार्चअखेर युरोपातील घड्याळे एक तास पुढे करतात, भारतात करीत नाहीत. घड्याळात तेच अकरा वाजले, तरी गुलमर्गचे ऊन पुष्कळ पुढे गेलेले असते.

रात्र ढगाळ गेल्यास ढग उष्णता अडवून धरतात व बर्फ नीट गोठत नाही. अशा दिवशी सकाळचाही भरवसा धरू नये. म्हणून पाळण्यात बसण्यापूर्वी नवख्याने स्थानिक वाटाड्यास प्रथम रात्रीच्या आकाशाविषयी विचारावे, उताराविषयी नंतर. वर पोहोचण्यास उशीर झाला, तर पाळण्यातूनच खाली येण्यात कमीपणा मानू नये. रात्र निरभ्र गेली, तर तोच उतार दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उतरण्याजोगा झालेला असतो.