हत्याकांड ते शापकथा : त्सुयामा घटना आणि दोन जपानी चित्रपट

'सत्य घटनेवर आधारित' ही पाटी दिसताच प्रेक्षक पडद्यावरील भीती अधिक खरी मानतो. तथापि मूळ घटनेतील काय स्वीकारले गेले आणि काय वगळले गेले, याची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात जपानमधील त्सुयामा हत्याकांडावर बेतलेल्या दोन चित्रपटांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

ओकायामा प्रांतात, त्सुयामा शहराजवळच्या एका खेड्यात २१ मे १९३८ च्या मध्यरात्रीनंतर तोई मुत्सुओ या २१ वर्षांच्या तरुणाने स्वतःच्या आजीसह ३० जणांचा बळी घेतला व आत्महत्या केली. आदल्या संध्याकाळीच त्याने गावाची वीज तोडली होती. डोक्याला दोन विजेऱ्या बांधून तो घरोघर शिरला. क्षयरोगामुळे तो सैन्यभरतीत प्रत्यक्ष सेवेस अयोग्य ठरला होता. चीनशी युद्ध चालू असता खेड्यातील तरुणाच्या दृष्टीने ही मोठीच नामुष्की होती. गावाने, विशेषतः काही स्त्रियांनी, आपल्याला झिडकारले हा सल त्याने मागे ठेवलेल्या चिठ्ठ्यांत आढळतो. युद्धज्वर, रोगाची धास्ती आणि लहान गावातील कुजबुज अशी या गुन्ह्याची पार्श्वभूमी होय.

युद्धकाळात ओकायामात आश्रयास गेलेले कादंबरीकार योकोमिझो सेइशी यांनी या घटनेचा उपयोग 'यात्सुहाका-मुरा' म्हणजे 'आठ थडग्यांचे गाव' या रहस्यकादंबरीत केला. नोमुरा योशितारो यांनी १९७७ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला. विजेऱ्यांची शिंगे लावलेला, पांढऱ्याफटक चेहऱ्याचा मारेकरी चेरीच्या बहराखालून धावत येतो, हे त्यातील दृश्य जपानी प्रेक्षकांच्या स्मरणात कायमचे रुतले आहे. (मूळ घटना मे महिन्यातील, चेरीचा बहर ही दिग्दर्शकाची भर.) परंतु महत्त्वाचा बदल कारणमीमांसेत आहे. सोळाव्या शतकात गावकऱ्यांनी आश्रयास आलेल्या आठ पराभूत सामुराईंची लोभापायी हत्या केली, त्यांचा शाप गावाला भोवतो, अशी ही कथा. कादंबरीत गुप्तहेर किंदाइची खुनांची बुद्धिगम्य उकल करतो. चित्रपटात उकल होऊनही शाप खरा ठरतो.

जपानच्या 'कैदान' म्हणजे पारंपरिक भूतकथांच्या प्रकृतीशी हे सुसंगतच आहे. त्सुरुया नानबोकु यांच्या १८२५ च्या काबुकी नाटकात पतीने फसवलेली ओइवा भूत होऊन सूड घेते. तेथे अन्याय सोसणाराच परत येतो व अपराध्याला शासन होते. हाच साचा त्सुयामाच्या घटनेवर बसवताच मात्र हिशेब उलटतो. मारले गेलेले गावकरी पूर्वजांच्या पापाचे ऋणको ठरतात आणि मारेकरी त्या वसुलीचे निमित्तमात्र साधन होतो. प्रत्यक्षातील गावाच्या माथी असे कोणतेही पूर्वपाप नव्हते. शिवाय सैन्यभरती व क्षयरोग यांना कथेत स्थानच उरत नाही. चित्रपट म्हणून ही कृती प्रभावी आहे, हे मान्य करूनही हा बदल निरुपद्रवी म्हणता येणार नाही.

तानाका नोबोरु यांचा १९८३ चा 'उशिमित्सु नो मुरा' हा चित्रपट भुताखेतांना पूर्णपणे वगळतो. पात्रांची नावे बदललेली असली तरी भरतीतील नकार, रोग, बहिष्कार हा क्रम त्यात कायम आहे. अलौकिकाचा आधार नसल्याने येथील भीती अधिक बोचते, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. मात्र कॅमेरा जवळजवळ सर्वत्र त्या तरुणासोबतच राहतो. गावातील स्त्रिया तर त्याच्या वासनेच्या व रागाच्या नजरेतूनच दिसतात. चित्रपट संपतो तेव्हा बळी पडलेल्यांपैकी बहुतेकांची ओळख 'त्याला नाकारणारे' एवढीच उरलेली असते.