इस्तंबूलच्याही पूर्वेला असलेलं नॉर्वेचं गाव

नकाशे चाळायचा माझा जुना नाद. परवा भाचीने विचारलं, "मामा, नॉर्वे तर पश्चिमेला ना?" मी तिला वार्दो दाखवलं. नॉर्वेच्या या बेटावरच्या गावाचा रेखांश साधारण ३१ अंश पूर्व, म्हणजे इस्तंबूलच्याही पूर्वेला!

जेमतेम दोन हजार वस्ती. समोर बॅरेंट्स समुद्र. आर्क्टिक वृत्ताच्या कितीतरी वर असूनही उबदार सागरी प्रवाहामुळे बंदर हिवाळ्यात गोठत नाही. गाव टिकलं ते त्यावर आणि मासळीवर.

रशिया जवळच. श्वेत समुद्राकडचे व्यापारी इथे राईचं पीठ आणायचे, बदल्यात मासे न्यायचे. १९१७ च्या क्रांतीनंतर हा व्यवहार बसला.

हिवाळ्यात जवळपास दोन महिने सूर्य उगवतच नाही. जानेवारीत अख्खं सूर्यबिंब दिसलं की किल्ल्यावरून तोफ उडते आणि शाळेला सुट्टी!

इतिहासाची काळी बाजूही आहे. सतराव्या शतकात या भागात चेटकाच्या आरोपाखाली ९१ जणांना मारलं, बहुतेक बायकाच. २०११ मध्ये त्यांचं स्मारक झालं. लांबलचक अंधाऱ्या बोळात ९१ छोट्या खिडक्या, प्रत्येकीपाशी एक दिवा आणि त्या व्यक्तीच्या खटल्याचा मजकूर. माझ्या मते युरोपातल्या भल्याभल्या स्मारकांपेक्षा हे सरस आहे.

बोटीची गरज नाही, हां. १९८२ पासून समुद्राखालून बोगदा आहे, नॉर्वेतला असा पहिलाच.

कुणी तिकडे जाऊन आलंय का? काही विचारायचं असेल तर खाली लिहा, जमेल तसं सांगतो.