नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर

नागपूर-हैदराबाद हमरस्ता (राष्ट्रीय महामार्ग ४४) आपल्या केळापूर तालुक्यातून, पांढरकवड्यावरून जातो. हप्त्यावर नवी गाडी घेतली की काही बंधू पहिल्याच दिवशी ती या मोकळ्या रस्त्यावर सुसाट सोडतात. नुकसान तेथेच सुरू होते.

नव्या सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यात बारीक तिरकस रेघा पाडलेल्या असतात, कापडाच्या ताण्याबाण्यासारख्या. पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासून नीट बसल्या, तरच कॉम्प्रेशन टिकते. नाहीतर इंजिन ऑइल खाते आणि निळा धूर सोडते. रिंगा बसण्याच्या या काळालाच 'रनिंग-इन' म्हणतात.

म्हणून पहिले १००० किलोमीटर पूर्ण रेस देऊ नका, जादा माल भरू नका, एकच वेग धरून ठेवू नका, उभ्या गाडीचे इंजिन फार वेळ चालू ठेवू नका. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत पाहावा. बीएमडब्ल्यूच्या एम३सारख्या वेगवान मोटारीचेही पहिले ऑइल २००० किलोमीटरला बदलतात, कारण घासलेल्या धातूचा चुरा त्यात उतरलेला असतो.

हप्ते वर्षानुवर्षे फेडायचे असतात. तेव्हा सुरुवातीला थोडा सब्र करा. इंजिन पुढे इमानाने साथ देईल.