दाल-पकवान आणि बावन्न अक्षरे

पिंपरी कॅम्पात दाल-पकवान सकाळीच खायचे असते. दुपारनंतर मागितले तर बहुतेक ठिकाणी ‘संपले’ एवढेच उत्तर मिळते आणि ते खरेही असते. पकवान म्हणजे मैद्याची पातळ, मोठी पुरी. पण ती फुगता कामा नये. म्हणून लाटल्यावर तिला काट्याने किंवा सुरीच्या टोकाने टोचे मारतात आणि मंद आचेवर, घाई न करता, कडक होईपर्यंत तळतात. सोबत हरभऱ्याची डाळ. ती शिजलेली हवी, पण दाणा मोडलेला नको. वरून चिंचेची चटणी, हिरवी चटणी, चिरलेला कांदा. तुकडा मोडताना कडकन आवाज आला नाही तर नेहमीचे गिऱ्हाईक बशी परत सरकवते.

अशी दुकाने बहुधा घरचीच असतात. गल्ल्यावर वडील नाहीतर आजी, आत सून, कढईपाशी मुलगा किंवा जुना कारागीर. रमजान लागला की सकाळच्या गर्दीतली काही ओळखीची तोंडे दिसेनाशी होतात. सहरी पहाटेच उरकलेली असते, आता मगरिबपर्यंत पाण्याचा घोटही नाही. दुकानदाराला त्याचे कारण कुणी सांगावे लागत नाही.

‘कॅम्प’ या शब्दाचा मूळ अर्थ आता कोणाच्या लक्षातही येत नाही. पुण्याचा कॅम्प लष्कराचा, पिंपरीचा निर्वासितांचा. फाळणीत पंजाब आणि बंगाल चिरले गेले, तरी त्यांचा एकेक तुकडा भारतात राहिला. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना ‘आपला प्रांत’ म्हणावा असा भूभाग इकडे उरलाच नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि त्यानंतर माणसे लाखोंनी निघाली. कोणी जोधपूरच्या बाजूने रेल्वेने आले, कोणी कराचीहून बोटीने मुंबई बंदरात उतरले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे पुढे उल्हासनगर झाले. पिंपरीच्या छावणीची झाली कॉलनी आणि बाजारपेठ.

येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. पिंपरीचे कारखाने नंतरचे आहेत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ ची. टेल्को आणि बजाज आले ते साठच्या दशकात, महानगरपालिका झाली १९८२ मध्ये, आणि चाकणच्या वाहन कारखान्यांची रीघ तर त्याहून अलीकडची. म्हणजे सातारा, मराठवाडा, खानदेशातून नोकरीसाठी आलेला तरुण पिंपरीत उतरला, तेव्हा त्याच्या आधी येथे घर गमावून आलेली माणसे दुकान मांडून बसली होती. रात्रपाळी सुटल्यावर पोटभरीचे आणि स्वस्त असे काही हवे, ही त्या कामगाराची गरज; भांडवल नाही पण हाताला चव आहे, ही या घरांची स्थिती. दोन्ही गरजा एका कढईपाशी भेटल्या.

त्या पिढीने स्वतःला शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी म्हणवून घेतले, हे वारंवार सांगितले जाते. त्यात बायकांचा वाटा मात्र ओझरताच येतो. पापड लाटून घर उभे करणाऱ्या त्याच होत्या. सिंधी घरात पाहुण्यापुढे आधी पाणी आणि भाजलेला पापड येतो. त्याच पापडाने पुढे मुलांच्या शाळेची फी भरली. कोकी हा त्यांचा दुसरा आधार. कांदा-मिरची घालून कणकेची जाड रोटी, दोनदा भाजलेली, दोन दिवस टिकणारी. प्रवासात बांधून न्यायची ही वस्तू आज चहाच्या टपरीवरही मिळते.

मराठी माणूस प्रथम अडखळतो तो सिंधी कढीपाशी. कढी म्हटले की आपल्याकडे ताक आले. या कढीत ताकाचा थेंब नसतो. बेसन तेलात खमंग परतायचे, चिंचेचा कोळ घालायचा, मग शेवग्याच्या शेंगा, गवार, भेंडी. रविवारी दुपारी भातावर ही कढी ओतून घेणारे सगळेच सिंधी नसतात. उत्तरेत ज्याला आलू म्हणतात, त्याला सिंधीत ‘पटाटा’ म्हणतात. मराठीतल्या बटाट्याचा हा सख्खा भाऊच. आणि ‘आहे’ हे क्रियापद तर दोन्ही भाषांत जसेच्या तसे. १८४७ ते १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता हे लक्षात घेतले, तर ही माणसे अगदीच परमुलखातून आली असे म्हणता येत नाही.

उर्दू जाणणाऱ्याला या दुकानांत वेगळीच गंमत सापडते. हिवाळ्यात सुक्या मेव्याची जी घट्ट मिठाई मिळते, तिचे नाव ‘माजून’. हा शब्द अरबी, हकिमांच्या औषधांतला. जुन्या दुकानात एखादी धूसर पाटी किंवा म्हाताऱ्याच्या हातातले धर्मपुस्तक सिंधी लिपीत असते. ती अक्षरे उर्दूसारखी दिसतात, पण वाचायला गेले की जीभ अडते. १८५३ मध्ये ठरवलेल्या या लिपीत बावन्न अक्षरे आहेत, काही चार-चार नुक्त्यांची. श्वास आत ओढून उच्चारायचे चार ध्वनी सिंधीत आहेत, त्यांनाही स्वतंत्र अक्षरे लागली. भारतात आल्यावर अरबी की देवनागरी यावर बराच वाद झाला. १९६७ मध्ये भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. पण तोवर मुले मराठी, हिंदी, इंग्रजी शाळांत गेली होती. आज नातवाला आजोबांचे पत्र वाचता येत नाही. डाळ मात्र बरोबर करता येते.

सीमेपलीकडे याचे उलटे चित्र आहे. सिंधमधल्या हैदराबाद शहरात ‘बॉम्बे बेकरी’ नावाचे दुकान आहे. १९११ मध्ये पहलाजराय या सिंधी हिंदू गृहस्थाने ते सुरू केले, एका बंगल्यात. फाळणीत शहरातली हिंदू घरे रिकामी झाली, त्यांत भारतातून गेलेली उर्दू बोलणारी मुसलमान कुटुंबे राहायला आली. हे कुटुंब मात्र हलले नाही, आणि दुकानाचे नावही बदलले नाही. तिथल्या केकसाठी आजही रांग लागते. रांगेत अर्थातच बहुतेक मुसलमान. जिथून माणसे गेली तिथे एक मुंबई राहिली आणि जिथे आली तिथे एक सिंध.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत शगुन चौकाच्या परिसरात पाय ठेवायला जागा नसते. नेहरूनगर, कासारवाडीपासून चाकणपर्यंतची मुसलमान कुटुंबे ईदच्या कपड्यांसाठी येथेच येतात. बाजार रात्री उशिरापर्यंत चालतो. किराणा दुकानात त्या दिवसांत बारीक शेवयांचे पुडे भराभर जातात, शीरखुर्म्यासाठी. सिंधी घरात त्याच शेवया गोड करून तिखट तळलेल्या बटाट्याबरोबर न्याहारीला खातात. त्याला सेयूं-पटाटा म्हणतात. शेवयांबरोबर तिखट बटाटा हे ऐकून शीरखुर्मावाले भुवया उंचावतात. एकदा खाऊन पाहावे.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. तिसरी-चौथी पिढी हिंजवडीत संगणकासमोर बसते किंवा परदेशी जाते. पहाटे पाचला उठून पकवान लाटायला ती तयार नाही, आणि तिला दोषही देता येत नाही. कढईपाशी आता बहुधा उत्तर प्रदेश-बिहारचा कारागीर असतो. पकवान त्याला उत्तम जमते. सिंधी येत नाही. तो रोजेदार असला की महिनाभर एक अडचण होते. डाळीचे मीठ चाखायचे कोणी? मग गल्ल्यावरची आजी उठून आत येते, चमचाभर डाळ तळहातावर घेते, आणि निवाडा देते, ‘लूण घट आहे.’ एवढे सिंधी त्याला समजते. तो चिमूटभर मीठ आणखी टाकतो.