बहुपर्यायी प्रश्नांची कसोटी

एकच उत्तरपत्रिका अनेक परीक्षकांच्या हाती दिली, तर ते सर्व तिला सारखेच गुण देतील काय? १९१२ च्या सुमारास अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी इंग्रजीची एक उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. तिला कोणी ६४ गुण दिले, तर कोणी ९८! परीक्षकाच्या मर्जीतून मुलांची सुटका व्हावी, या विचाराने पुढे फ्रेडरिक केली यांनी कॅन्ससमधील शाळांसाठी वाचनाची एक चाचणी रचली. आजच्या बहुपर्यायी प्रश्नाचे मूळ तेथे सापडते.

या पद्धतीचा पहिला गुण निःपक्षपातीपणा. अक्षर वळणदार असो वा गिचमीड, गुण तेवढेच. थोड्या वेळात अभ्यासक्रमाचा बराच भाग तपासता येतो, हा दुसरा गुण. तिसरा सहसा लक्षात येत नाही. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज विचारली असता 'दोन पंचमांश' हा पर्याय निवडणाऱ्या मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळविला, हे शिक्षकाला तत्काळ उमगते. चुकीचे पर्याय विचारपूर्वक योजले, तर मुलाची चूकही बोलकी होते.

आता दुसरी बाजू पाहू. प्रत्येकी चार पर्यायांच्या ४० प्रश्नांवर डोळे मिटून खुणा केल्या, तरी सरासरीने १० उत्तरे बरोबर येतात. चुकीबद्दल गुण कापावेत, तर थोडीशी शंका असलेला जाणता मुलगाही कचरतो. रीत अचूक असून शेवटच्या वजाबाकीत घसरलेल्या मुलाच्या पदरी शून्यच पडते. परंतु याहून मोठा धोका असा की, जे परीक्षेत विचारले जाते, तेच वर्गात शिकविले जाते. योग्य उत्तर ओळखणे निराळे आणि ते स्वतःच्या शब्दांत मांडणे निराळे. केवळ खुणा करण्याचा सराव झालेल्या मुलाला साधे पत्र लिहितानाही शब्द सुचत नाहीत.

करोनाच्या साथीत, २०२१ च्या अखेरीस, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावी आणि बारावीच्या पहिल्या सत्राची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांचीच घेतली. दुसऱ्या सत्रात मात्र लेखी उत्तरे मागितली. पुढील वर्षापासून एकाच वार्षिक परीक्षेत दोन्ही प्रकारांना स्थान मिळाले. हाच मार्ग शहाणपणाचा होय. पाठ कोठे कच्चा राहिला हे शोधण्यास बहुपर्यायी प्रश्न अवश्य वापरावेत. विचार कितपत पक्का झाला हे पाहावयाचे, तर मुलाच्या हाती कोरा कागदच द्यावा लागेल.