पॅकेजांच्या आवृत्ती व अक्षरगणना

वाशीमचे प्राचीन नाव 'वत्सगुल्म'. या शब्दात अक्षरे किती? युनिकोडच्या जुन्या सर्वसाधारण नियमाने संगणक सहा खंड मोजी. २०२३ च्या १५.१ या आवृत्तीपासून 'त्स' व 'ल्म' ही जोडाक्षरे अखंड राहून संख्या चार होते. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेच्या ताम्रपटांचा नागरी पाठ अभ्यासणाऱ्यास हा भेद क्षुल्लक नव्हे.

अशी गणना करणारी, 'आर' या संगणकभाषेतील पॅकेजे परस्परांवर विसंबून असतात. आवृत्ती न जुळल्यामुळे एखादे पॅकेज उघडत नाही, तेव्हा दोष त्याचा नसून त्याला आधारभूत अशा जुन्या पॅकेजाचा असतो. त्या पॅकेजाचे नाव, हाती असलेली आवृत्ती व आवश्यक किमान आवृत्ती ही तिन्ही त्रुटिसंदेशातच दिलेली असतात. नवी आवृत्ती बसवूनही तोच संदेश आल्यास दोन कारणे संभवतात: जुनी प्रत संगणकाच्या स्मृतीत राहिलेली असते, किंवा दुसऱ्या संग्रहस्थानातील जुनी प्रत आधी सापडते. म्हणून चालू सत्र बंद करून कोऱ्या सत्रात पॅकेज बसवावे आणि जुनी प्रत काढून टाकावी.

न उघडणारे पॅकेज आपली विसंगती निदान बोलून दाखविते. सहाचे चार मात्र निमूटपणे होतात. यास्तव गणनेबरोबरच पॅकेजांच्या व युनिकोडच्या आवृत्तींची नोंद करणे अगत्याचे होय.